पांढऱ्या उजेडाची भिंत

१

शेवटच्या साध्या दिवशी दुपारी मी बाबांचा डबा घेऊन गॅरेजमध्ये गेले, तेव्हा ते आणि फ्यूज माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत उभे होते. मागच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला बाबांनी एक काळी रेघ मारलेली होती. समोर त्यांची स्वतःची गाडी उभी होती, बंपरमधले फॉग लॅम्प चालू होते आणि भिंतीवर पिवळा, आडवा, पसरट उजेड पडला होता. त्याची वरची कड रेघेच्या खाली होती. एखाद्या चित्राकडे बघावं तसे दोघं त्याच्याकडे बघत होते.

"धुक्यात उजेड जास्त लागत नाही," बाबा तिला सांगत होते. "खाली लागतो. रस्त्याला चिकटून. वर गेला की धुकं तोच उजेड तुझ्या डोळ्यांत परत फेकतं. समोर पांढरी भिंत उभी राहते."

फ्यूजने मान हलवली. ही पंचविशीची मुलगी, गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकायला आली आणि राहिली. डोकं लवकर तडकायचं म्हणून बाबांनीच तिला हे नाव दिलं होतं. ती त्यांना मास्तर म्हणायची. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. मी डबा टेबलावर ठेवला आणि माझे स्वच्छ हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.

लहानपणी मी याच दारात उभी राहायचे. बाबा म्हणायचे, हात काळे होतील, आत जा, वाच. मी आत गेले आणि वाचलं. आता एका कॉलेजच्या ग्रंथालयात बसते आणि लोक मला काय वाचावं ते विचारतात. भिंतीवरच्या उजेडाबद्दल बाबा माझ्याशी एकदाही बोलले नव्हते.

तेवढ्यात दादा आला. माझा मोठा भाऊ. चौकात त्याचं दुकान आहे. सीट कव्हर, हॉर्न, मॅट आणि गाडीला शोभा आणणारं काय काय तो विकतो. त्याच्या हातात नव्या एलईडी बल्बची डबी होती. कंपनीच्या बल्बपेक्षा कितीतरी पट उजेड, तुमच्या फॉग लॅम्पमध्ये सरळ बसतील, असं तो म्हणाला. बाबांनी डबी उघडलीसुद्धा नाही.

"नाटकवाल्यांना विक," ते म्हणाले. "स्टेजवर बरे दिसतील." मग फ्यूजकडे बोट करून म्हणाले, "हिच्याकडून शिक जरा. हिला कळतं. तुला नुसतं विकता येतं."

दादा हसला. रागावला की तो हसतो, लहानपणापासून. डबी खिशात टाकून त्याने गाडी मागितली, कारण आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि त्याच्याकडे फक्त स्कूटर. बाबांनी किल्ली दिली.

संध्याकाळी त्याने गाडी परत आणली. फ्यूजने ती आत लावली आणि कुलूप घातलं. पहाटे बाबा नेहमीप्रमाणे घाटापलीकडच्या डेपोत बसगाड्यांचे दिवे तपासायला निघाले. आमच्या गावात आभाळ स्वच्छ होतं. धुकं वर होतं, घाटमाथ्यावर.

गाडी एका वळणाखालच्या घळीत सापडली. बाबा आतच गेले होते. वर काढल्यावर पोलिसांनी पुढचे दिवे तपासले. फॉग लॅम्पमध्ये तेच पांढरे बल्ब होते, ज्यांची डबी उघडायला बाबांनी नकार दिला होता.

२

पोलिसांना त्यात काही विशेष वाटलं नाही. म्हातारा माणूस, नवे बल्ब लावून बघावेसे वाटले असतील, धुक्यात अंदाज चुकला. मला ते पटलं नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी शांतपणे सांगत राहिले, की बाबांनी ते बल्ब लावणं शक्य नाही. दुसऱ्या कोणीतरी लावलेत.

दादा म्हणायचा, जाऊ दे आता. मी जाऊ दिलं नाही.

गॅरेजची किल्ली पहिल्याच दिवशी आईने फ्यूजकडून काढून दादाकडे दिली होती. घरातली माणसांची ये-जा कमी झाल्यावर मी बाबांचा कामाचा चष्मा आणायला म्हणून ती मागितली. चष्मा कुठे असेल, असं विचारलं तर दादा म्हणाला, "फ्यूजच्या खणात बघ. तिच्याजवळच असायचं ना सगळं त्यांचं."

चष्मा तिथे नव्हता. टेस्टर, चिकटपट्टी, वायरची भेंडोळी, आणि त्या सगळ्याच्या वर ती डबी. रिकामी.

मी ती उचलली तेव्हा मला जे वाटलं, त्याला दुःख म्हणता येणार नाही. हायसं वाटलं. ज्या मुलीला बाबांनी माझ्या जागी उभं केलं, तिनेच हे केलं होतं. मी डबी रुमालात गुंडाळली आणि सरळ पोलीस चौकीत नेऊन दिली. दादाने तिथे सांगितलं, की बाबांनी नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी कोणाला तरी विकावी म्हणून त्याने डबी दुकानात ठेवली होती, पण संध्याकाळी गाडी द्यायला गेला तेव्हा फ्यूजने ती मागून घेतली.

फ्यूजला चौकीत बोलावलं. मग पुन्हा बोलावलं. मालकाच्या गाडीत न विचारता फेरफार, त्यातून मृत्यू. गुन्हा दाखल होणार, असं हवालदार म्हणाला. ती तुरुंगात गेली असती. नसती गेली तरी तिला पुन्हा कोणी गाडीला हात लावू दिला नसता.

नेमका त्याच दिवशी अपघाताची पाहणी करणारा विमा कंपनीचा सर्व्हेयर दारात आला. वयस्कर, काठी टेकत. बसल्याबरोबर त्याने पायातल्या चपला काढाव्यात तितक्या सहज एक प्रश्न काढला.

"ही डबी तुम्हाला सापडली, ताई? की सापडावी म्हणून ठेवली होती?"

३

मी त्याच्यापुढे चहा ठेवला. त्याने बाकीच्यांशी बोलायला सुरुवात केली. मी शेजारी बसून राहिले, कारण मला ऐकायचं होतं, की शेवटी तो फ्यूजवरच येतो.

आई आधी बाबांबद्दल बोलली आणि मग, नेहमीसारखी, गाडीबद्दल. त्या गाडीला जेवढं पुसलं तेवढं मला कधी विचारलं असतं तर, असं ती म्हणाली, आणि मग रडली. सर्व्हेयरने तिला वेळ दिला. त्या दिवशी डॉक्टरकडे काय झालं, असं त्याने विचारलं. आई म्हणाली, काय होणार, डोळ्यांत थेंब घालून ताटकळत बसवलं. दादा तिला सोडून दुकानात जाऊन आला. येताना तिला काही दिसत नव्हतं, सगळं धूसर.

"आणि गाडी खडखडत होती," ती म्हणाली. "वळलं की चाकाशी काहीतरी घासायचं. मी म्हटलं बघ रे काय ते, तर म्हणे, आई, तुला आता कानांनीपण नीट ऐकू येईना का?"

सर्व्हेयर हसला. मी हसले नाही, पण लक्षही दिलं नाही.

दादा नीट बोलला. बाबांना ती मुलगी फार प्रिय होती, तिला त्यांना खूश करायचं असेल, बिचारीला परिणाम कळला नसेल. बिचारी हा शब्द त्याने दोनदा वापरला.

फ्यूज आमच्या घरी यायला तयार नव्हती, म्हणून आम्ही तिच्याकडे गेलो. एका खोलीत ती आणि तिची आजारी मावशी. तिने मला बसायला सांगितलं नाही.

"मी ते बल्ब पाहिलेसुद्धा नाहीत," ती म्हणाली. "दुपारी भिंतीवर पिवळा उजेड होता. ताई होत्या तिथे. विचारा त्यांना."

सर्व्हेयरने माझ्याकडे पाहिलं. मला हो म्हणावं लागलं. उजेड पिवळाच होता.

"म्हणजे बल्ब त्यानंतर बदलले," तो म्हणाला. "त्यानंतर गाडी दोघांच्याच हातात होती. संध्याकाळपर्यंत तुमच्या भावाकडे, आणि मग हिच्याकडे."

"हिच्याकडे रात्रभर," मी म्हटलं.

फ्यूज माझ्याकडे बघत राहिली. ती तडकेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "ताई, तुम्हाला मीच पाहिजे आहे ना?"

४

अपघातात सापडलेल्या गाड्या ठेवायला पोलिसांचं एक मोकळं आवार आहे. तिथे गवतात बाबांची गाडी उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. सर्व्हेयरने मात्र आधी आत डोकं घातलं.

"फॉग लॅम्पचं बटण बंद आहे," तो म्हणाला. "हे फिरवायचं बटण आहे, धक्क्याने फिरत नाही. पोलिसांनीही हात लावलेला नाही, मी विचारलं."

मी म्हटलं, मग ते दिवे लावलेच नसतील.

"लावले आणि बंद केले. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा वळणाच्या बऱ्याच अलीकडे सुरू होतात. धुकं आलं, त्यांनी बटण फिरवलं. त्या जागेत हे बल्ब म्हणजे उजेड चारी बाजूंना, वरसुद्धा. समोर सगळं पांढरं. त्यांनी ब्रेक दाबला, दिवे बंद केले. पण त्या वयात डोळे दिपले की परत दिसायला वेळ लागतो. गाडी तेवढ्यात पुढे गेली."

पांढरी भिंत हे शब्द माझ्या डोक्यात बाबांच्या आवाजात ऐकू येत होते, आणि ते माझ्याशी बोललेले नव्हते.

"आता तुम्हाला वाकायचंय," तो म्हणाला. "माझे गुडघे निवृत्त झालेत. मी व्हायचोय."

मी गवतावर आडवी झाले आणि गाडीखाली डोकं घातलं. बंपरच्या खाली एक रुंद प्लास्टिकची प्लेट होती, बोल्टनी बसवलेली. तो काठीच्या टोकाने दाखवत विचारत होता, मी सांगत होते. बोल्ट कसे आहेत? चिखलाने लिंपलेले. ओला चिखल की जुना? वाळून दगड झालेला, जुना. एखादा तरी स्वच्छ आहे? नाही, सगळे सारखे.

मग त्याने मला पुढच्या चाकाच्या आत बघायला सांगितलं. तिथे चाकामागे वाकवलेल्या काळ्या प्लास्टिकचं अस्तर असतं, चिखल आत जाऊ नये म्हणून. ते क्लिपांनी धरलेलं असतं. क्लिपा काळ्या होत्या. दोन सोडून. त्या दोन राखाडी होत्या, नव्याकोऱ्या. दुसऱ्या चाकातही तसंच. आणि एका ठिकाणी क्लिपच नव्हती. अस्तराची कड सुटून टायरकडे आली होती आणि घासून चकचकीत झाली होती.

मी बाहेर आले तेव्हा माझे हात काळे झाले होते.

"बल्ब बदलायला या गाडीत दोन वाटा आहेत," सर्व्हेयर म्हणाला. "एक खालून, प्लेट काढून. एक चाकातून, अस्तर बाजूला करून. वाट प्रत्येकाची ठरलेली असते. हाताला सवय लागली की माणूस विचार करत नाही. उद्या माझी गाडी घेऊन येतो. तुमच्या वडिलांच्या गाडीची बहीणच आहे. तिचा एक फॉग लॅम्प गेलाय."

"खरंच गेलाय?"

"जाईल उद्यापर्यंत."

५

गॅरेजची किल्ली मी दादाकडून पुन्हा मागून घेतली, वीजमीटर बघायचाय असं सांगून. फ्यूज येईल की नाही याची खात्री नव्हती. ती आली, दारात थांबली, आणि सर्व्हेयरने बल्ब बदलून द्यायला सांगितल्यावर तिने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं आणि संशय विसरली.

तिने गाडी खड्ड्यावर घेतली. आमच्या गॅरेजमध्ये जमिनीत एक लांब खड्डा आहे, गाडी वर उभी करून माणूस खाली उतरतो. ती उतरली, पाना लावला, प्लेटचे बोल्ट एकेक करून वाटीत ठेवले, प्लेट उतरवली, आणि कागदात धरून नवा बल्ब बसवला. मग गाडी भिंतीसमोर लावून उजेड कुठे पडतो ते बघितलं. खालून काम करताना ती कोणाशी तरी बोलल्यासारखी पुटपुटत होती. थोड्या वेळाने मला कळलं, ती बाबांची वाक्यं म्हणत होती.

मला तिचा हेवा वाटला. त्या क्षणी सुद्धा.

"चाकातून नाही काढत का?" सर्व्हेयरने विचारलं.

"ते फुटपाथवाले करतात," ती म्हणाली. "मास्तर ओरडायचे. म्हणायचे, क्लिपा तुटतात, अस्तर सुटतं आणि टायर खातो."

टायर खातो. आईला वळताना ऐकू आलं होतं ते. तिने तक्रार केली होती आणि मी ती चहाबरोबर गिळून टाकली होती. ते घासणं संध्याकाळच्या आधीचं होतं. गाडी फ्यूजच्या हातात येण्याच्या आधीचं.

मी सर्व्हेयरकडे पाहिलं. त्याला हे आईच्या तोंडून ऐकल्यापासून माहीत होतं. तो फक्त मी तिथपर्यंत पोचायची वाट बघत होता.

"चला," तो म्हणाला, "दुसरा फॉग लॅम्पही गेलेलाच आहे."

६

दादाच्या दुकानापुढे खड्डा नाही, नुसता रस्ता आहे. गिऱ्हाइकाची गाडी कडेला उभी करायची आणि तिथेच काम. सर्व्हेयरने बल्ब बदलून मागितला. मी त्याच्याबरोबर का आहे, हे दादाने विचारलं नाही. त्याने गाडीत हात घालून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं, चाकाशी बसला, पेचकसाने अस्तराच्या क्लिपा उडवल्या आणि हात आत घातला. क्षणाचं काम. एक क्लिप तुटली. त्याने न बघता मागे हात केला, डब्यातून नवी काढली आणि दाबली.

राखाडी होती.

दाबून झाल्यावर त्याचा हात तिथेच राहिला. त्याने आधी क्लिपेकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. मी ते घासून धुतले होते, पण नखांत आदल्या दिवशीचा काळा मळ होता.

"तू गाडीखाली गेली होतीस," तो म्हणाला.

मी म्हटलं, हो.

तो दुकानाच्या पायरीवर बसला. सर्व्हेयर काठी टेकत दोन दुकानं पुढे गेला आणि एका हॉर्नच्या जाहिरातीत रस असल्यासारखा उभा राहिला.

दादाने मग सांगितलं. आई थेंब घालून बसली होती, तेवढ्यात त्याने गाडी इथे आणली आणि बल्ब घातले. सांगायचं नव्हतं. घाटात बाबा बटण फिरवतील, समोर लख्ख होईल, आणि परत येऊन ते विचारतील, हे तू केलंस का.

"आणि मग?"

"मग काही नाही. शिवी दिली असती तरी चाललं असतं. माझ्या कामाबद्दल असती."

तो हसत नव्हता. मला वाटलं होतं, मला त्याचा राग येईल. मला फक्त एवढंच दिसत होतं, की आम्ही दोघं आयुष्यभर एकाच दाराबाहेर उभे होतो आणि एकमेकांना तिथे पाहिलं नव्हतं.

डबी का ठेवलीस, मी विचारलं.

"तू सारखं म्हणत होतीस, कोणीतरी लावलेत. मी घाबरलो." त्याने पेचकस पायरीवर ठेवला. "आणि बाबांनी सगळं तिलाच दिलं होतं. म्हटलं, हेही तिलाच जाऊ दे."

"मलाच पाठवलंस ती शोधायला."

"तू आनंदाने नेशील, माहीत होतं."

ते खरं होतं. सर्व्हेयर परत आला. त्याने गाडीत जे पाहिलं तेवढंच तो लिहिणार होता, बाकीचं ज्याचं त्याने जाऊन सांगायचं होतं. मी त्याला एकच विचारलं. शेवटी बाबांना कळलं असेल का, बल्ब कोणी लावले?

"ते गाडीवरून सांगता येत नाही, ताई," तो म्हणाला.

दादा दुपारीच चौकीत गेला. आई त्याच्याबरोबर गेली, डोळ्यांवर काळा चष्मा लावून, त्याचा हात धरून. कोणी कोणाला धरलं होतं ते लांबून कळत नव्हतं.

मी किल्ली घेऊन फ्यूजच्या खोलीवर गेले आणि ती तिच्या हातात दिली. तिने ती घेतली. माफी मागितली तर ती तडकेल, हे मला दिसत होतं, म्हणून मी मागितली आणि तिला तडकू दिलं. तिची मावशी आतून म्हणाली, झालं असेल तर पाणी दे त्यांना.

त्यानंतर एका सकाळी मी गॅरेजमध्ये गेले. डबा नव्हता, काही कारण नव्हतं. फ्यूज खड्ड्यात उतरून कोणाच्या तरी गाडीची वायर ओढत होती. तिने मला पाहिलं आणि काम थांबवलं नाही.

"एक सांगू, ताई?" ती खालून म्हणाली. "मला तुमचा फार राग यायचा. या डबीच्या आधीपासून."

मी म्हटलं, माझा कशाला?

"मी अख्खं वायरिंग बदललं तरी मास्तर म्हणायचे, बरं झालंय. तुमचा नुसता फोन आला की दिवसभर खूश. माझ्या मुलीनं हे वाचलं, माझ्या मुलीनं ते वाचलं. मी म्हणायचे, मास्तर, तिला एकदा इथे खड्ड्यात उतरवा, मग बघू. तर म्हणायचे, ती नाही यायची. तिला आवडत नाही."

तिला आवडत नाही. ते इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं, आणि मी एकदाही खोडलं नव्हतं. फ्यूज बोलायची थांबली होती. बहुतेक माझा चेहरा बघून. मी रडत नव्हते. मी खड्ड्याच्या पायऱ्यांशी गेले, आणि फ्यूज तिथे आहे हे माहीत असूनही, तिच्याशी नाही, मोठ्याने म्हणाले:

"बाबा, मला आवडत होतं. तुम्ही आत जा म्हणालात आणि मी गेले, पण मला इथे यायचं होतं. तुमच्याजवळ. मला शिकवा, एवढं मी कधी म्हटलं नाही. आज म्हणते. मला शिकवा."